पारबताबाई अन् शिंगवाला ससा

पारबताबाईले लिवता-वाचता येत नव्हतं, पन गावात कोनाले काही उमजलं नाई का तो तिच्याच दारात जाये. सपन पडलं, म्हैस अचानक आटली, अंगनात अनोळखी पाऊल उमटलं, नाईतर आरमोरीच्या बजारातून आनलेल्या पुड्याच्या कागदावर कायचं तरी चित्र निघालं, तरी पारबताबाई. ती पयले उकिडवी बसे. मंग कमरेची डब्बी काढून तमाखूत चुना मळे, मळता मळता पाहे, अन् तमाखू तोंडात टाकल्याबिगर येक शबद बोलत नसे. कोनी घाई केली का म्हने, "थांब ना बाप्पा. वाकून पाह्याचं आधी, बोलाचं मंग."

अंगानं उंच, हाडकी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डावा गुडघा धरलेला म्हनून चालताना तो पाय जरा ओढे. आमी बौद्ध लोकं, तिच्या घरात बुद्धाचा फोटो, ती नवस-कोंबडं काही करत नसे. कोनी म्हनलं का माय, तुह्या अंगात येते का काय, तर चिडे. "अंगात काही येत नाई. डोळे उघडे ठेवतो मी, तुमी झाकून चालता."

मी या गावात नवरी होऊन आली तवा चौथी शिकली होती अन् गाय-बैल सोडून कोनतं जनावर जवळून पाह्यलं नव्हतं, माहं माहेर धानाच्या बांध्यांतलं, जंगल दूर. मी उंबरा ओलांडला तर साऱ्या बाया माहं तोंड पाहून राह्यल्या होत्या, अन् ही येक बुढी अंगनात बसून माह्या पायाचे ठसे पाहून राह्यली होती. तमाखू टाकली अन् माह्या सासूले म्हने, "पोरगी चांगली हाये. पन टाच टेकत नाई तिची. चार दिसांत पळते माहेरी."

सासूले राग आला. तिसऱ्या दिवशी मी खरंच पळाली, गाठोडं घेऊन सडकेपर्यंत गेली, तर यष्टीच्या थांब्यावर पारबताबाई आधीच बसून.

"तीनच दिस?" म्हने. "मले वाटलं चार काढशीन."

मी रडाले लागली. तिनं काही समजावलं नाई, फक्त बाजूले सरकून मले जागा देली. यष्टी आली, गेली. मंग म्हने, "चाल, सासूनं चहा ठेवला असन." त्या दिवसापासून मले तिचा लळा बी लागला अन् भीती बी वाटाले लागली, का ही बुढी आपल्याले पायापासून वाचते.

अशी भीती साऱ्यायलेच होती थोडी थोडी. येकदा पोलीसपाटलाचा कोंबडा गेला. पाटील म्हने बिबट्यानं नेला. पारबताबाई कुडाजवळ बसली, पिसं पाह्यली, माती पाह्यली.

"बिबट्याच हाये," म्हने, "पन चप्पल घालते. अन् डाव्या चपलेचा अंगठा दोऱ्यानं शिवला हाये."

सारे लोकं पाटलाच्या साळ्याच्या पायाकडं पाहाले लागले. त्यानं डावा पाय हळूच धोतरात ओढून घेतला. पाटील महिनाभर तिच्याशी बोलला नाई, अन् साळ्यानं नवी चप्पल घेतली.

किरान्याच्या दुकानात येक कॅलेंडर होतं. त्यात पट्टेवालं मोठं जनावर अन् हरीन येकाच झऱ्यावर पानी पेत. दुकानदार म्हने, "पाहा माय, कशी शांती हाये. वैर नाई, काही नाई."

पारबताबाईनं लय वेळ पाह्यलं. "हरनाचे कान मांगं हायेत," म्हने. "त्याले मालूम हाये."

"अवो, चितारनाऱ्यानं काढले असतीन असेच."

"असेच कायले काढन? कोनी रंग फुकट घालवत नाई, भाऊ."

हे तिचं ठरलेलं बोलनं. आगपेटीवरच्या चित्रालेही तिनं कधी फालतू म्हनलं नाई. फक्त येक, ती वाघाचं नाव घेत नसे. "मोठं" म्हने, नाईतर "ते". जंगलाच्या काठचे लोकं असंच बोलतेत, नाव घेतलं का ते आयकते म्हनून.

शेवंता तिची धाकटी लेक. गावातच दिली होती, माह्याच वयाची, माही येकुलती मैतरीन. मोहाच्या दिवसांत आमी दोघी सोबत जात असू. मोह येचाची येक रीत हाये. आधी झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करतेत, म्हनजे पडलेलं फूल दिसते. मंग उजाडलं का बाया आपापल्या झाडाखाली वाकून येचतेत. वाकलेली बाई मोठ्या जनावराले चितळावानी दिसते, म्हनून थोड्या थोड्या वेळानं येकीनं "कुऊऊ" कराचं अन् दुसरीनं तसंच "कुऊऊ" द्याचं. आवाज फिरत राह्यला पायजे. हे मले शेवंतानंच शिकवलं होतं.

त्या दिवशी माही रंजना चार महिन्यांची होती. रातभर तापानं रडली होती, मी बी झोपली नव्हती, तरी गेली, कारन मोह काही आपल्यासाठी थांबत नाई. ऊन पडलं तवा मी तिले पाजाले बसली अन् तिचा डोळा लागाले लागला. शेवंताचं झाड वीस-पंचवीस पावलांवर, मंधात बोराटीचं झुडूप. तिनं "कुऊऊ" केलं. मी नाई केलं. पोरगी उठन म्हनून नाई केलं. मनात म्हनलं, देतो घडीभरानं. तिनं दुसऱ्यांदा केलं, तवा बी मी गप. तिसऱ्यांदा आवाज आला नाई.

पुढचं सांगत नाई.

फॉरेस्टवाले आले, पंचनामा झाला. साहेबानं विचारलं, "तुम्ही आवाज दिला होता का?" सासू मांगं उभी, नवरा बाजूले, शेवंताचा नवरा समोर भुईवर बसलेला. मी म्हनलं, "हो, देला होता, दोनदा देला." साहेबानं लिवलं अन् मी सही केली. चौथीपर्यंत शिकली ते त्या सहीपुरतंच शिकली असं मले वाटते. पारबताबाई तिथीच होती. ती माह्या तोंडाकडं पाहत नव्हती. माह्या पायाकडं पाहून राह्यली होती.

दुसऱ्या दिवशी ती येकटी त्या जागेवर गेली अन् दुपारपर्यंत बसून राह्यली. लोकं म्हनत होते नोको जाऊ, ती गेली. परत आली, हातपाय धुतले, कोनाले काही सांगतलं नाई. पन तवापासून तिनं दोन गोष्टी बदलल्या. येक म्हनजे ती सरळ "वाघ" म्हनाले लागली. कोनी दचकलं का म्हने, "आता काय नेते माह्या घरचं?" अन् दुसरी, तिनं पाहनं सोडलं. कोनी ठसा दाखवाले बोलावलं, सपन सांगाले आलं, का म्हने, "मले नाई समजत. जा दुसरीकडं." लोकायले वाटे दुःखानं बोलते. मले वाटे, तिनं तिथी काही पाह्यलं हाये अन् ते माहंच हाये.

अन् तरी ती रोज माह्या घरी ये. रंजनाले मांडीवर घे, तेल लावून दे, तिचे तळवे उलटे-सुलटे पाहे. मी चुलीजवळून पाहो. आता बोलन, आता बोलन. काहीच बोलत नसे. मले झोप नाई, दूध आटत चाललं. कोनी मले हाक मारली का मी येका हाकेले तीनदा "हो, हो, हो" करो, नवरा हासे, म्हने कुसूम, मी येथीच हाये, पहाडावर नाई. जिथी शेवंता गेली तिथी आता हिरव्या फांद्यांचा ढीग झाला होता. वाघानं मानूस नेलं का त्या जागेवरून जाता-येता हर मानूस येक फांदी टाकते, ही आमच्याकडची रीत हाये. मी त्या वाटेनं जातच नव्हती. लाकडाले बी दूरच्या वाटेनं फिरून जाये.

असे नऊ-दहा महिने गेले. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला त्याच्या मांगच्या-पुढच्या वर्षांतली गोष्ट हाये ही, गावात लाइट नव्हती, अन् थंडीच्या दिवसांत सरकारची प्रचाराची गाडी आली. गाडीत सिनेमाची मशीन. नेहमी संध्याकाळी अंधार पडल्यावर दाखवत, पन शेवंताच्या नंतर अंधारात कोनी घराबाहेर निघत नव्हतं, अन् मशीनवाल्या भावालेही उजेडातच जंगल पार कराचं होतं. म्हनून त्यानं भर दुपारी शाळेच्या खोलीत सिनेमा लावला. खिडक्यायले पोते ठोकले, दाराले घोंगड्या लावल्या. सारं गाव कोंबलं त्या खोलीत. मी दाराजवळ, पोरगी मांडीवर. पारबताबाई माह्याच बाजूले येऊन बसली.

पयले डासाचा अन् हिवतापाचा सिनेमा झाला. मंग मशीनवाला म्हने, "आता येक गमतीचा पाहा," अन् दुसरा डब्बा लावला. त्यात मानसं नव्हतेच. हातानं काढलेले चित्रं चालत होते. आमी असं कधी पाह्यलं नव्हतं.

"अवो, यात हिरो कुठी हाये?"

"हा ससाच हिरो असन."

शब्द नाई, बोलनं नाई, फक्त सारंगीवानी कायचा तरी आवाज. झाडं दिसले, येकालेही पान नाई. अन् वरून पांढरं पांढरं टपकाले लागलं, हळूहळू, झुलत झुलत. साऱ्या बाया येकदम वरडल्या, "मोह पडून राह्यला!" मोह फुलते तवा झाडाले पान नसते, हे आमाले कोन सांगाले पायजे? जमीन पांढरी होत गेली. म्हनजे मोहाचे दिवस. म्हनजे झाडाखाली वाकाचे दिवस.

येक हरीन होतं, मोठ्या शिंगाचं, अन् येक ससा. दोघं सोबत चालत होते. ससा मांगं राह्यला, त्याले खाली काही चकाकतं सापडलं, ते पंजात घेऊन तो वाकून पाहत बसला. हरनानं मांगं वळून पाह्यलं, तोंड उघडलं. ससा वर पाहत नाई. हरनानं अजून येकदा तोंड उघडलं. ससा वर पाहत नाई. तवा झाडांमांगून येक राखी जनावर निघालं.

"कोल्हा!"

"कोल्हा कायचा, वाघ हाये."

"पट्टे कुठी हायेत मंग?"

"चितारनाऱ्याचा काळा रंग संपला असन."

लोकं हासले. मी नाई हासली. सश्यानं मान वर केली तवा हरीन नव्हतं. त्याच्या पायाचे ठसे येका जागेपर्यंत होते अन् पुढं नुसतं पांढरं. मंग त्या सश्याच्या डोक्यातून शिंगं निघाले. हरनाचे शिंगं, सश्याच्या डोक्यावर. ते वाढत गेले. त्याले मान उचलवेना, शिंगं झाडांत अडकाले लागले, पाखरं येऊन बसले त्याच्यावर. त्यानं दगडावर आपटून पाह्यले, मोडले नाई. पान्यात आपलं रूप पाह्यलं अन् पळाला. शेवटी दमून येका झाडाखाली बसला. दुरून येक म्हातारं जनावर आलं, ना अस्वल ना बकरी, कोनालेच ओळखू आलं नाई. ते आलं अन् सश्याच्या बाजूले बसलं. शिंगं काढले नाई, काही नाई. नुसतं बसलं. दोघांवर पांढरं पडत राह्यलं, अन् संपलं. रीळ फटफट फिराले लागली.

"हे काय? संपलं?" पाटील म्हने.

"तेवढंच हाये," मशीनवाला म्हने. "बाहेरच्या देशाचं हाये, डब्ब्यावर काय लिवलं ते मले बी येत नाई."

घोंगडी बाजूले झाली, उजेड आला, अन् वाद सुरू झाला. पाटील म्हने, ससा चोर हाये, हरनाचे शिंगं चोरले, म्हनून शिक्षा भेटली. गुरुजी उभे राह्यले, "याचं तात्पर्य असं, की दुसऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नये." येक बाई म्हने, "पन ते म्हातारं कोन व्हय?" कोनी म्हने सश्याचा बाप, कोनी म्हने सावकार. मंग त्याच बाईनं विचारलं, "पारबतामाय, तू सांग ना वं."

मले वाटलं नाई म्हनन. तिनं डब्बी काढली. चुना मळला. तमाखू टाकली.

"ससा चोर नाई," म्हने. "हरनानं हाक देली. यानं देली नाई. म्हनून शिंगं उगवले."

गुरुजी हासले. "अहो बाई, मुका सिनेमा आहे हा. हाक कुठं ऐकली तुम्ही?"

"तोंड उघडलं नाई का, गुरुजी? दोनदा उघडलं. मोजलं मी."

"आणि मोह वेचत होते म्हणता, तर सश्याची टोपली कुठे आहे?"

लोकं लय हासले. मी पोरगी उचलली अन् निघाली. दोनदा. तिनं दोनदा म्हनलं होतं, अन् म्हनताना ती कोनाकडंच पाहत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याले म्हनलं, कोनी आलं तर सांग मले बरं नाई. पन तो धानाच्या कामाले गेला अन् सासू बजारात, अन् पारबताबाई दुपारी आलीच. लाखोरीची भाजी घेऊन आली, अंगनात बसली, निसाले लागली. मी दारात उभी. तिनं मान वर केली नाई.

मीच म्हनलं, "माय, मी हाक देली नव्हती."

"मालूम हाये."

"कवापासून?"

"दुसऱ्या दिसापासून. तू बसली तिथची राख चपटी झाली होती. टाचा येकाच जागी रुतल्या होत्या. पोरीच्या फडक्याची घडी उमटली होती. पाजनारी बाई वरडत नाई, कुसूम. मी बी चार पाजले."

मी खाली बसली. "मंग सांगतलं काऊन नाई? पंचनाम्यात मी खोटं लिवून देलं. तू सांगाले पायजे होतं."

"काय सांगू?" तिनं भाजीचा वाळका पाला बाजूले टाकला. "तू हाक देली असती तर ती वाचली असती का, हे तिथी नव्हतं. लय पाह्यलं मी. दुपारपर्यंत पाह्यलं. ते कुठीच उमटलं नव्हतं."

रंजना रांगत तिच्याकडं गेली, तिनं तिले भाजीतून बाजूले केलं. मंग म्हने, "अन् मी तुह्ये ठसे पाहाले गेलीच नव्हती. माह्ये पाहाले गेली होती."

मले समजलं नाई. ती सांगाले लागली, भाजी निसत निसतच. शेवंताले नेलं त्याच्या आदल्या दिवशी ती नाल्याकडच्या, शेवंताच्याच झाडाखाली गेली होती. तिथी राखेत वाघाचं पाऊल होतं. काठ ढासळलेले. तिनं म्हनलं, पाला जाळला त्याच रातचं हाये, चार दिस झाले, गेलं ते पहाडाकडं. शेवंतानं विचारलं, माय, उद्या जाऊ का? ही म्हनली, जा.

"राख होती ते," म्हने. "माती नव्हती. मातीत काठ ढासळला का पाऊल जुनं. राखेत ताजं पाऊल बी घडीभरात ढासळते. हे मले मालूम नव्हतं? मालूम होतं. पन त्या दिवशी गुडघा ठनकत होता. मी बसली नाई, कुसूम. उभ्यानंच पाह्यलं."

सारी भाजी निसून झाली तरी ती उठली नाई. मी येड्यावानी विचारलं, "ते म्हातारं जनावर कोनतं होतं, माय?"

"त्याचे ठसे नाई पाह्यले तू?" म्हने. "डावा पाय ओढत होतं." अन् गुडघ्यावर हात ठेवून उठली.

जाता जाता येवढंच म्हनली, "कागदावर लिवलं ते राहू दे. शेवंताच्या नवऱ्याले सांग. मी येतो सोबत." आमी त्याच दिवशी गेलो. ती माह्या बाजूले बसली अन् मी सारं सांगतलं, मंग तिनं तिचं सांगतलं, राखेचं. तो उठून बैलं सोडाले गेला. माह्याशी तो आजवर बोलत नाई. त्याचं चुकते असं मी म्हनत नाई. सासूनं मले आठ दिस घालूनपाडून बोललं, नवरा म्हने आता गप राहा दोघी. येवढं झालं, पन मले त्या आठवड्यात झोप लागाले लागली. अन् येक दिवस पारबताबाईसोबत मी जवळच्या वाटेनं लाकडाले गेली, ढिगावर फांदी टाकली. तिनं बी टाकली. तिची मोठी होती, ओढत आनली होती.

मंग ती पुन्हा पाहाले लागली. लोकं पुन्हा दारात. पन आता आधी सांगे, "मी चुकतो बरं का. चुकली हाये." पाटलाचा साळा म्हने, माय, हे माह्या कोंबड्याच्या वक्ती काऊन नाई म्हनली? तर म्हने, "तवा नव्हती चुकली ना."

पुढच्या वर्षी प्रचाराची गाडी पुन्हा आली. मी मशीनवाल्याले विचारलं, "भाऊ, ते मोहाचं चित्र आनलं का?"

"कोनतं मोहाचं?"

"ससा अन् हरीन. वरून मोह पडत होता ते."

तो लय हासला. "बाई, ते बर्फ होतं. थंड मुलकात आभाळातून बर्फ पडते. मोह कायचा!"

मले लाज वाटली, अन् घाबरली बी. आमी दोघींनी जे केलं, जे बोललो, ते सारं त्या मोहावरून केलं होतं, अन् मोह नव्हताच. मी धावत जाऊन पारबताबाईले सांगतलं. तिचे डोळे तवा पांढरे पडाले लागले होते, मोतीबिंदू. तिनं आयकून घेतलं, डब्बी चाचपून काढली, तमाखू मळली.

"बर्फ तर बजारात गोळेवाल्याकडं असते," म्हने. "आभाळातून पडते तर त्यावरचा लाल रंग कुठी गेला?"

"तो रंग वरून टाकतेत, माय."

"असन." तमाखू टाकली. "मंग तिकडचे बर्फ येचत असतीन. वाकत तर असतीनच ना?"



डोळे गेले तसं तिचं पाहनं बी संपलं. ती अंगनात बसून भुईवर बोटं फिरवे, रंजनाचे ठसे चाचपे, म्हने ही पोरगी टाच बरोबर टेकते, मायवानी नाई. स्वैपाक करताना दोनदा हात भाजला. मंग तिचा मोठा पोरगा मुलचेऱ्याकडून आला, तिकडं त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान हाये, अन् म्हने मी नेतो मायले. ती जात नव्हती. मंग येक दिवस म्हने, जातो.

या वर्षीच्या पावसाळ्याआधी गेली. मी तिले सडकेपर्यंत हात धरून नेलं. रंजना पुढं, धाकटा माह्या खांद्यावर, तीन महिन्यांचा, नुकताच झोपलेला, त्याले दात येत नाई, ताप नाई, उगाच रातभर रडनारं लेकरू. थांब्यावर ती बसली अन् सवयीनं बाजूले सरकून मले जागा देली. म्हने तमाखूची डब्बी पिशवीत टाकली का पाह्य. टाकली होती.

यष्टी आली. पोरानं तिले वर चढवलं, ती खिडकीजवळ बसली, पन तोंड तिचं उलट्या बाजूले, तिले आमी कुठी हावो ते दिसत नव्हतं. गाडी निघाली. धूळ उठली. अन् त्या धुळीतून आवाज आला.

"कुऊऊ."

थांब्यावर सात-आठ लोकं होते, पाटलाचा साळा होता, गुरुजी होते. साऱ्यायनं मान वळवली. लेकरू खांद्यावर झोपलेलं.

मी मोठ्यानं "कुऊऊ" केलं. लेकरू दचकून उठलं अन् रडाले लागलं. गाडी वळनावर गेली, तिथून अजून येकदा आवाज आला, बारीक. मी अजून केलं. गाडी दिसेनाशी झाली तरी करत राह्यली, अन् लेकराले रडू देलं.